एकोणीस वेळा टॅब

ता. ३, मंगळवार

डॉक्टरांनी आईचं ब्लडप्रेशर रोज दोनदा मोजून लिहून ठेवायला सांगितलं आहे. त्यासाठी ही वही आणली. वही दोनशे पानी निघाली आणि आकडे काही फार जागा खात नाहीत. कागद वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून उरलेल्या जागेत बाकीचं लिहीन. सकाळी १५२/८८, संध्याकाळी १४८/८६.

आईच्या हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. ती बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, महिना संपायच्या आत उरकून घ्या, पुढचं मी सांगू शकत नाही. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. तिने संमतीपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "यात टायपिंगच्या तीन चुका आहेत. चुकीच्या कागदावर सही करायची नाही, हे कोर्टात चौतीस वर्षं ऐकलंय मी."

डॉक्टरांनी कागद हातात घेऊन पाहिला. चुका होत्या.

ता. ५, गुरुवार

ऑफिसात असताना मोठ्या काकांचा फोन. मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. वय चौऱ्याऐंशी, आवाज चाळिशीतला.

आमच्या घराण्याची वेबसाइट मी सहा वर्षांपूर्वी तयार केली. पहिल्या पानावर सगळी एकशे बारा नावं ओळीने, शाखावार. प्रत्येक नाव म्हणजे एक लिंक. नावावर टिचकी मारली की त्या माणसाचं पान उघडतं. त्यात फोटो, पत्ता, फोन नंबर आणि त्याला जे काही जगाला सांगायचं असेल ते. ज्याचं पान त्याचा पासवर्ड, ज्याने त्याने आपलं लिहावं. हे सगळं काम मी एकट्याने केलं. पाणीपुरवठा कार्यालयात संगणक विभागही मी एकटाच आहे, त्यामुळे सवय आहे.

काकांची तक्रार अशी, की पुतण्याने, म्हणजे आमच्यातल्या फोटोवाल्याने, स्वतःच्या पानावर काकांचा एक फोटो लावलाय. काका एका समारंभात व्यासपीठावर झोपलेत, तोंड उघडं. भाषण त्यांच्याच सत्काराचं चाललं होतं.

"त्या कार्ट्याचं नाव काढून टाक," काका म्हणाले.

"काका, नाव काढलं तर वंशावळीत भोक पडतं."

"मग भोक न पाडता काय ते कर."

केलं. स्क्रिप्टच्या तीन ओळी लिहिल्या. पान उघडताना स्क्रिप्ट माझ्याकडची यादी बघते, त्या यादीतलं नाव शोधते आणि त्याच्यावर माउसचा परिणाम होऊ देत नाही. नाव जागच्या जागी, रंगही तोच, पण टिचकी मारा नाहीतर डोकं आपटा, पान उघडत नाही. सापही मेला, काठीही तुटली नाही.

हा उपाय मी पूर्वी एकदाच वापरला होता. चार वर्षांपूर्वी, माझ्या धाकट्या बहिणीच्या पानासाठी. त्यामागे तांत्रिक कारण होतं.

ता. ८, रविवार

फोटोवाल्याचा फोन. आपलं पान लोकांना उघडत नाही हे त्याला कळलेलं नाही. (स्वतःच्या पानात प्रत्येक जण पासवर्ड घालून मागच्या दाराने शिरतो, त्यामुळे पुढचं दार बंद आहे हे ज्याचं त्याला कळतच नाही. हे मी मुद्दाम केलं नव्हतं, पण सोयीचं पडलं.) त्याची तक्रार काकांबद्दल. काकांनी आपल्या पानावर लिहिलंय, 'काही जण कॅमेरा विकत घेतात, संस्कार घ्यायला विसरतात.' नाव नाही, पण कॅमेरा घराण्यात एकाकडेच आहे. काकांचंही पान बंद केलं.

संध्याकाळी आत्याचा फोन. "मी बाबा कोणाच्या अध्यात ना मध्यात," ती म्हणाली आणि पुढची पस्तीस मिनिटं अकरा जणांची पानं बंद करायला सांगत होती. कारणं मी विचारली नाहीत, तिने सांगितली.

बायको दुपारच्या शाळेत विज्ञान शिकवते. घरी मात्र ती बरीचशी परीक्षकच असते. सगळं ऐकून म्हणाली, "ऑफिसात नळ बंद करता ते पुरत नाही वाटतं."

आई: १५०/८८, १५०/८६.

ता. ९, सोमवार

रजा काढून आईला तपासण्यांना नेलं. सकाळी नऊला गेलो ते साडेतीनला परतलो. आल्या आल्या ती तिच्या खोलीत संगणकापाशी जाऊन बसली. थोडं पड म्हटलं तर म्हणाली, "ऐंशी शब्दांचा वेग होता माझा. पडून राहिले तर बोटं गंजतात."

तो संगणक ऑफिसने मोडीत काढलेला, मीच आणून दिला. आई माउसला हात लावत नाही. हात कापतो तिचा, आणि म्हणते, "ते मेलं साबणाच्या वडीसारखं पळतं." कीबोर्डवर मात्र सडासडा बोटं चालतात. फोनवर तिला ऐकू येत नाही, टीव्हीचा तिला कंटाळा. टायपिंग करत बसते. वेळ जातो तिचा.

कीबोर्डवर तिने एक चिठ्ठी चिकटवली आहे: ७, ९, १९. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "विसरायला होतं आताशा." गोळ्यांच्या वेळा असणार. सातची, नऊची, आणि एकोणीस म्हणजे संध्याकाळचे सात. कोर्टात चोवीस तासांचं घड्याळ वापरत असतील.

ता. १२, गुरुवार

बंद नावं आता सव्वीस. आज जेवणाच्या सुट्टीत भेटींची नोंद तपासली. कोणतं पान किती वेळा उघडलं हे साइट लिहून ठेवते. बंद केलेल्या पंचवीस पानांना आठवड्यात मिळून चार-पाच भेटी. सव्विसावं पान बहिणीचं. चार वर्षं बंद आहे, आणि त्याला रोज एक भेट आहे! सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यान, अगदी नेमाने. रविवारीसुद्धा. फक्त सोमवारी नऊ तारखेला ती भेट दुपारी पावणेचारला होती.

इंटरनेटवर अशी यंत्रं फिरत असतात, जगातली सगळी पानं वाचत जातात. त्यांतलंच एखादं असावं. सोमवारी त्याचा काही बिघाड झाला असेल. पण यंत्राची निष्ठा वाखाणण्यासारखी आहे.

जेवताना आई एकदम म्हणाली, "केस कापलेत तिने. बरी दिसते."

"कोण?"

आईने पोळी मोडली. "टीव्हीवरची बाई."

ता. १३, शुक्रवार

कालपासून बहिणीचा विषय डोक्यात आहे, तेव्हा लिहून टाकतो. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण लहानपणी ती हरवली की साखरेच्या डब्यापाशी सापडायची. राहते दुसऱ्या गावी, बसने चार तास.

बाबा गेले त्याला गेल्या महिन्यात चार वर्षं झाली. त्यानंतर मुंगीने तिच्या पानावर बाबांबद्दल लिहिलं. छान लिहिलं होतं, त्यांची शिट्टी, त्यांचे बूट, सगळं. पण शेवटचं वाक्य होतं: 'बाबा गेले तेव्हा त्यांच्याजवळ कोणी नव्हतं.'

त्या दिवशी हॉस्पिटलात बाबांजवळ थांबायची पाळी माझी होती. मी औषध आणायला गेलो होतो. रांग मोठी होती. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी ते वाक्य एकशे अकरा माणसं वाचणार. मी तिला म्हटलं, काढ. ती म्हणाली, खोटं आहे का? वाक्य खरं होतं, पण माझा मुद्दा तो नव्हता. शब्दाने शब्द वाढला. मी तिला म्हणालो, पुन्हा माझ्या घरात पाऊल टाकू नकोस, आणि त्याच दुपारी स्क्रिप्ट लिहिली. तेव्हापासून ते पान मी उघडलेलं नाही. बंद करणारा मीच असल्यामुळे उघडून बघणं बरोबर दिसलं नसतं.

आईने याबद्दल एका शब्दानेही काही विचारलं नाही. वयोमानाने विसरली असावी.

ता. १५, रविवार

नवं संमतीपत्र मिळालं. चुका दुरुस्त. खाली नातेवाइकांसाठी दोन ओळी आहेत. पहिल्या ओळीत मी माझं नाव लिहिलं, दुसऱ्या ओळीत हिचं. आईने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "दुसरी ओळ चुकलीय."

मी हिच्या नावाचं शुद्धलेखन पाहिलं. फोन नंबरचे आकडे मोजले. दहाच्या दहा बरोबर होते. तसं सांगितलं.

"मग राहू दे," आई म्हणाली, आणि कागदाची घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली.

मी सरळ विचारलं, "भीती वाटते का ग?"

"टायपिस्टला कसली भीती? चुकलं की पान पहिल्यापासून टाइप करावं लागायचं, म्हणून आधी सगळं नीट मांडून घ्यायचं, मग बसायचं."

मला भीती वाटते. ही वही कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, मला फार भीती वाटते.

ता. १७, मंगळवार

एकेक नाव यादीत घालण्याचा कंटाळा आला. धाकट्या पिढीतही आता फोन सुरू झालेत. शेवटी यादी काढून टाकली आणि एकच आज्ञा दिली: जेवढ्या लिंका दिसतील तेवढ्या सगळ्या बंद. मग माउस घेऊन वरपासून खालपर्यंत एकशे बारा टिचक्या मारून पाहिल्या. एकही पान उघडलं नाही. काम चोख झालं.

आता जो तो समजतो की बाकीचे बंद आहेत आणि आपण उघडे. काका खूश, आत्या खूश, फोटोवाला खूश. संध्याकाळभर एकही फोन आला नाही. सहा वर्षांत घराण्यात एवढी शांतता मी पाहिली नव्हती.

आई: १५८/९०. संध्याकाळी थोडा दम लागला.

ता. २०, शुक्रवार

सगळं बंद करून तीन दिवस झाले. कुठल्याच पानाला एकही भेट नाही, हे अपेक्षितच होतं. मुंगीच्या पानाला मात्र तीन दिवसांत तीन. १०:४०, १०:३५, १०:५०. इतकंच नाही, ते पान रोज बदलतं आहे आणि रोज त्याच वेळी त्याच्या अभिप्रायाच्या खान्यात काहीतरी लिहिलंही जातंय. यंत्रं जाहिराती टाकतात असं वाचलंय. हे मात्र फार झालं. रविवारी निवांत बसून ते पानच साइटवरून काढून टाकायचं ठरवलं. ना रहेगा बांस, वगैरे जे म्हणतात ते.

हिला सांगितलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन तसंच हातात धरून म्हणाली, "आधी आईंना विचारा."

"आईचा यात काय संबंध?"

एकाच इयत्तेत तिसऱ्यांदा बसलेल्या मुलाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "सकाळी अकरापर्यंत घरात मी असते. तुम्ही नसता." आणि परत वह्यांत डोकं घातलं.

ते खरंच आहे. मी दहाला निघतो.

ता. २२, रविवार

पान काढायला बसणार तोच आईने हाक मारली. श्वास घेता येत नव्हता. ओठ निळे. रिक्षाने हॉस्पिटल गाठलं, तिथे ठेवून घेतलं. आता जरा बरी आहे. उजव्या हाताला सलाइन. पान तसंच राहिलं.

जाताना तिने चष्म्याचं घर आठवणीने बरोबर घेतलं.

ता. २४, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी सकाळची वेळ ठेवली आहे, शेवटची. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पेशंटची सही हवी. बेशुद्ध असत्या तर तुमची चालली असती, पण त्या चांगल्या शुद्धीत आहेत.

चांगलीच आहे शुद्धीत. नर्सने लावलेल्या तक्त्यात तिने एक चूक काढली.

मी खूप समजावलं. रागावलोसुद्धा. "अग, सही म्हणजे काय, दोन सेकंदांचं काम."

"दुसरी ओळ बरोबर कर, एका सेकंदात करते."

मी परत आकडे मोजले. डोकं चालेनासं झालंय. कॉरिडॉरमध्ये येऊन उभा राहिलो, आणि चक्क रडू आलं. पंचावन्नाव्या वर्षी ते शोभत नाही, म्हणून पाण्याच्या कूलरपाशी गेलो.

ऑफिसात भेटींची नोंद पाहिली. ते यंत्र रविवारपासून फिरकलेलं नाही. स्वतःहूनच नाद सोडला म्हणायचा. पान काढायचे कष्ट वाचले.

ता. २५, बुधवार

काल निघताना आई म्हणाली होती, "तुझी ती घडीची पेटी आण उद्या." म्हणजे लॅपटॉप. आज चारला भेटीची वेळ सुरू झाली तेव्हा घेऊन गेलो. तिचा उजवा हात सलाइनला, डावा कापत होता. म्हणाली, "घराण्याची साइट उघड."

उघडली. मी सवयीने माउसवर हात ठेवला.

"ते नको. टॅब दाब."

"टॅब? किती वेळा?"

"एकोणीस."

मी दाबायला लागलो. एकदा दाबलं की पहिल्या नावाभोवती बारीक चौकट आली. दुसऱ्यांदा दाबलं की ती दुसऱ्या नावावर गेली. असं पुढे पुढे. सातव्यांदा दाबलं तेव्हा चौकट मोठ्या काकांच्या नावावर होती. नवव्यांदा आत्याच्या. तिथे कीबोर्डवरची चिठ्ठी आठवली, पण बोट थांबेना. आई ओठांतल्या ओठांत मोजत होती. एकोणिसावं नाव मुंगीचं.

"आता एंटर," आई म्हणाली.

पान उघडलं.

मी माउस बंद केला होता. कीबोर्डवरूनही लिंक उघडता येते हे मला माहीत आहे, परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. पण एकशे बारा नावं तपासताना एकदासुद्धा ती किल्ली दाबून बघायचं सुचलं नाही. आमच्या घरात कोण तसं उघडणार, असं मी धरून चाललो होतो. आमच्या घरात चौतीस वर्षं टायपिंग केलेली बाई आहे.

पानावर रोजच्या तारखा होत्या. रोज दोन-चार ओळी. 'आई, आज इथे नळाला पाणी नाही. दादाच्या खात्यातलं कोणीतरी झोपलं असेल.' त्याखाली अभिप्रायाच्या खान्यात आईचं उत्तर: 'तो झोपत नाही. दुसरा कोणी असेल.' एक दिवस: 'आई, केस कापले. फोटो लावलाय, बघून सांग.' उत्तर: 'बरी दिसतेस. मानेला थंडी लागेल.' चार वर्षांचं होतं सगळं. मग शेवटचे तीन दिवस.

'आई, काल आली नाहीस. बरी आहेस ना?'

'आई, मला तिथे येता येणार नाही हे तुला माहीत आहे. पण ऑपरेशनची तारीख तरी सांग.'

'आई?'

आजच्या तारखेला सकाळी दहा, अकरा आणि दुपारी एक वाजता तेच. 'आई?'

"खालचं वाच," आई म्हणाली. "अगदी खालचं."

अगदी खाली बाबांबद्दलचं होतं. शिट्टी, बूट. मग ते वाक्य. 'बाबा गेले तेव्हा त्यांच्याजवळ कोणी नव्हतं.' तिने ते काढलं नव्हतं. पण ते शेवटचं वाक्य राहिलं नव्हतं. पुढे लिहिलं होतं: 'दादा त्यांचंच औषध आणायला गेला होता. रांग मोठी होती.'

"हे कधी लिहिलं तिने?"

"तू तिला घरात पाऊल टाकू नकोस म्हणालास ना, त्याच्या पुढच्याच आठवड्यात."

"मला कोणी सांगितलं नाही."

"मला वाटलं, वाचलं असशील. तूच बंद केलंस, किल्ली तुझ्याकडेच असणार. वाचूनही बोलत नाही म्हणजे राग मोठा आहे, म्हणून मी गप्प बसले." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "वाचलंच नव्हतंस?"

मी मान हलवली. ती म्हणाली, "बाप रे," आणि डोळे मिटून घेतले. नर्सने येऊन मलाच बाहेर काढलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

रांग नव्हती.

दुकानात माझ्यापुढे दोन माणसं होती. औषध सहा मिनिटांत मिळालं. मी दुकानाबाहेरच्या बाकावर बसलो. सकाळपासून बाबांच्या घशातून जो आवाज येत होता तो मला ऐकवत नव्हता. पाच मिनिटं बसतो आणि जातो, असं म्हणत म्हणत चाळीस मिनिटं बसलो. पिशवी मांडीवर होती. परत गेलो तेव्हा बाबा गेलेले होते, आणि नुकतीच पोचलेली मुंगी त्यांचा हात धरून उभी होती. तिने विचारलं, "कुठे होतास?" मी म्हणालो, "रांग मोठी होती."

हे मी हिलाही सांगितलेलं नाही. इथे लिहितोय, कारण जागा उरली आहे.

ता. २६, गुरुवार

मुंगीच्या पानावर तिचा नंबर आहे. सकाळी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून लावला. चौथ्या घंटेला उचलला.

"हॅलो."

"मी बोलतोय."

मग घाबरून, "आई?"

"बरी आहे. हॉस्पिटलात आहे, पण बरी आहे. उद्या सकाळी ऑपरेशन. सलाइनमुळे टाइप करता येत नाही तिला."

"हं," मुंगी म्हणाली. तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. ऐन वेळी एकच आठवलं. "मुंगे, रांग नव्हती."

"माहितीय."

"काय माहितीय?"

"तुझा मोबाइल बाबांच्या उशाशी राहिला होता. आदल्या औषधाच्या बिलावर दुकानाचा नंबर होता, तिथे मी फोन केला. तो म्हणाला, औषध घेऊन गेले, अर्धा तास झाला. वरच्या खिडकीतून बाक दिसतो, दादा."

जिन्यातून आमचा शिपाई वर गेला, परत खाली आला. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

"मग रांग मोठी होती असं का लिहिलंस?"

"आई वाचते ना," मुंगी म्हणाली.

मी भिंतीवरचा रंग नखाने खरवडत राहिलो. मग तीच म्हणाली, "साडेबाराची बस आहे. पाचपर्यंत पोचेन. येऊ का?" हे 'येऊ का' तिला विचारावं लागलं. मी म्हणालो, ये. दोनदा म्हणालो.

तिला आणायला स्टँडवर गेलो. केस खरंच कापलेत. मान उघडी, मफलर नाही. माझा दिला.

हॉस्पिटलात आईने तिला बघितलं आणि आधी तिच्या मानेला हात लावला. मग चष्म्याच्या घरातून कागद काढला. मी दुसऱ्या ओळीतलं हिचं नाव खोडलं, शेजारी मुंगीचं लिहिलं. ही म्हणाली, "सुटले एकदाची. मी केव्हाचं सांगणार होते, पण आईंनी बजावलं होतं, त्याला त्याचं कळू दे." मुंगीने सही केली. आईने पूर्ण कागद परत वाचला. आम्ही तिघं आणि एक नर्स श्वास रोखून उभे.

"एक स्वल्पविराम जास्त आहे," आई म्हणाली. "असू दे." आणि डाव्या हाताने सही केली.

घरी येऊन स्क्रिप्टच्या तिन्ही ओळी पुसल्या. अर्ध्या तासात काकांचा फोन. त्यांना फोटो दिसला होता. मी म्हटलं, काका, तांत्रिक कारण आहे.

ता. २७, शुक्रवार

आठ वाजता आईला आत नेलं. तांबडा दिवा लागला. बाहेरच्या बाकावर मी, ही आणि मुंगी. सव्वादहाला आतून नर्स आली आणि माझ्या हातात एक चिठ्ठी देऊन म्हणाली, हे औषध बाहेरून आणावं लागेल, लगेच.

तेच हॉस्पिटल, तेच दुकान. मी चिठ्ठी धरून तसाच उभा राहिलो. पाय उचलेनात, हे लिहायला लाज वाटते, पण उचलेनात. मुंगी उठली. हिला म्हणाली, "वहिनी, तू थांब इथे." मग मला म्हणाली, "चल."

दुकानात आमच्यापुढे दोन माणसं होती. बाहेर तो बाक तसाच आहे, नवा रंग दिलाय. आम्ही बसलो नाही. जाऊन यायला अकरा मिनिटं लागली.

ता. ४, शनिवार

आई: १२६/७८. डाव्या हाताला सलाइन, उजवा मोकळा. लॅपटॉप तिच्याकडेच ठेवलाय.

सकाळी १०:४० ला मुंगीच्या पानावर एक भेट.